पोटखराब

माघातल्या गावपूजेला देवसड्याच्या शाळेत दोनशे पानं बसली, आणि शिऱ्यावर एक माशी बसली नाही.

दर वर्षी शिऱ्याच्या टोपाशी एक म्हातारी पदर हलवत बसायची. तिचं तेवढंच काम. या वर्षी ती बसली, दोनदा पदर हलवला, आणि उठून सरळ पंगतीत जाऊन जेवायला लागली. हाकलायचं कुणाला?

लोक खूश होते. माश्या नाहीत, डास नाहीत, चिलटं नाहीत. पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "सुगंधाबाय, तुझ्या गवताने काम केलान हां!"

सुगंधा गोताड हसली. चौतीस वर्षांची, याच वाडीत जन्मलेली, पुण्यात पर्यावरणशास्त्र शिकलेली, आणि सहा वर्षांपासून देवसडा आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या शाश्वतता कक्षात नियोजन अधिकारी. गावातली जी बाकीची माणसं विमानतळावर लागली होती ती झाडू, ट्रॉल्या आणि फाटकं सांभाळत होती. आराखडा हातात असलेली ती एकटीच.

समोरच्या पंगतीत तिचा बाप, धाकू गोताड, जेवणाला हात न लावता बसला होता. पानाच्या कडेला त्याने गुळाचा खडा ठेवला होता आणि तो त्याच्याकडे बघत होता.

"बाबा, जेवा की."

"थांब गो. पाव्हने आले नाय अजून."

"कुठले पाहुणे?"

म्हाताऱ्याने गुळाकडे बोट केलं. "दोन सालां कमी कमी येत व्हते. औंदा एक नाय."

पंगत खदखदून हसली. सुगंधाला मात्र दहा माणसांत बाप वेडगळ दिसतोय याची लाज वाटली. ही लाज तिची जुनी सोबतीण. पुढे सांगतोय ते सगळं त्या लाजेनंच केलं, म्हणून तिचं नाव आधीच सांगून ठेवतो.

*

विमानतळाला गवत कशाला लागतं, हे विमानात बसणाऱ्याला ठाऊक नसतं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मोकळी जमीन सोडावी लागते. ती उघडी ठेवली तर धूळ इंजिनात जाते, म्हणून गवत. गवत आलं की नाकतोडे येतात, नाकतोड्यांमागे टिटव्या आणि घारी, आणि एक घार इंजिनात शिरली की दोनशे माणसांचा जीव टांगणीला. हे एक दुखणं. दुसरं धुराचं. नव्या कायद्याने विमानतळाला हवेत सोडलेला कार्बन जमिनीत परत पुरून दाखवायचा होता. नाही दाखवला तर दुसरी धावपट्टी नाही.

एका गवताने ही दोन्ही दुखणी एका पात्यात बरी केली. कागदावर त्याचं नाव हरिता-चार. गावात विमानाला इमान म्हणतात, म्हणून गावात ते झालं इमानगवत.

त्याच्या पात्याच्या आत डोळ्यांना न दिसणारी एक बुरशी राहते. गवत तिला साखर देतं, ती गवताला विष देते. गुरांना न बाधणारं, पण पातं कुरतडणाऱ्या किड्याला जागीच मारणारं. किडा नाही तर पक्षी नाही. खाली याची मुळं जांभ्या दगडाच्या भेगांतून पुरुषभर खोल जातात आणि अंगावर बुचासारखी साल धरतात. बाटलीचं बूच जसं कुजत नाही तशी ती सालही वर्षानुवर्षं कुजत नाही. पात्याने हवेतला कार्बन ओढायचा आणि मुळाच्या सालीत कोंडायचा. शास्त्र खरं होतं. शास्त्राला मी नावं ठेवत नाही. मला राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

धावपट्टीच्या कडेचं गवत विमानतळाच्या दिव्यांच्या कार्बनपुरतंही पुरेना, विमानांचं तर सोडाच. मग ठरलं की भोवतीच्या आठ किलोमीटरांत 'हरित पट्टा' करायचा. जमीन कुठली घ्यायची हे ठरवायला एक संगणकीय यंत्र होतं, त्याला सगळे 'नियोजक' म्हणत. नियोजक उपग्रहाची चित्रं वाचायचा, पाऊस मोजायचा, वाऱ्याचा हिशेब ठेवायचा आणि गावोगावचे सातबारे वाचायचा. वाचायचा, पण सातबाऱ्यातले शब्द त्याला कळत नव्हते. ते कळावेत म्हणून शब्दकोश हवा होता, आणि शब्दकोशासाठी स्थानिक माणूस हवा होता. म्हणून सुगंधा.

जिरायत म्हणजे शेती. बागायत म्हणजे शेती. गायरान म्हणजे चराई. एकेक शब्द ती नियोजकाला शिकवत होती, मागे कक्षाचे प्रमुख मंदार लोहोकरे आणि आणखी पाच माणसं पडद्याकडे बघत उभी होती. मग शब्द आला पोटखराब.

लोहोकरे हसले. "पोटखराब? म्हणजे काय, जुलाब लागलेत की काय जमिनीला?"

सगळी खोली हसली. सुगंधाही हसली, सगळ्यांत मोठ्याने.

तिला अर्थ पक्का माहीत होता. सातबाऱ्यात प्रत्येक जमिनीचा जो तुकडा नांगराखाली येत नाही तो पोटखराब. कातळ, ओढा, पायवाट, डबकं, मसणवट. त्यावर सरकार सारा घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पिकत नाही म्हणजे तिथे काही नाही, असं त्या शब्दात कुठेही नाही. तिच्या गावाचा सगळा सडा, तो दगडी माळ, ज्यावर श्रावण-भाद्रपदात पाय ठेवायला जागा मिळणार नाही इतकी फुलं येतात, ज्याच्या खळग्यांतलं पाणी गुरं पौषापर्यंत पितात, तो कागदावर नखशिखांत पोटखराब आहे. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण खोली हसत होती, आणि गावंढळ शब्द लवकरात लवकर पडद्यावरून जायला हवा होता.

"काही नाही सर. रिकामी जागा," ती म्हणाली आणि शब्दापुढे टाइप केलं : रिक्त.

नियोजकाने पुढच्या क्षणाला अकरा गावांचे सडे हिरवे रंगवले. दोन पावसाळ्यांत ड्रोननी बी फेकलं.

*

पूजेनंतरच्या रविवारी सुगंधा बापाच्या बागेत गेली. धाकूची बत्तीस कलमं हापूसची, बांधावर एक जुनाट रायवळ. मोहोर असा की पानं दिसेनात. आणि वास असा की तिने नाकाला ओढणी लावली.

फांदीफांदीला सुतळीने बांगड्याची डोकी टांगली होती. कुजलेली.

"बाबा, हे काय मांडलंय?"

"आवतान." म्हातारा शिडीवरून उतरला. "गुळाला येत नाय, तर म्हटलं घानीला येतील. आठ दिस झाले. एक नाय आली."

"माश्या हव्यात कशाला तुम्हाला?"

धाकूने तिच्याकडे असं पाहिलं की तिला शाळेतलं पाढा चुकणं आठवलं. "पुन्यात काय शिकवलान गो तुला? आंब्याचा मोहोर मधमाशीचा नाय, तो घानेरड्या माशीचा. ती बसते तवा कनी धरते. हे बघ." त्याने एक तुरा हातात घेऊन झटकला. सगळा मोहोर वाळल्या भुशासारखा खाली पडला. एकाही दांडीवर कणी, मोहरीएवढं कोवळं फळ, नव्हती. "गेल्या साली थंडीवर ढकललंनी. औंदा थंडी चांगली व्हती. आता कोनावर ढकलायचं?"

तो तिला सड्यावर घेऊन गेला. सकाळचे साडेसात. गुडघाभर एकसारखं हिरवं गवत क्षितिजापर्यंत, आणि त्यात कसलाही आवाज नाही. लहानपणी इथे चालताना पायाखालून नाकतोड्यांचे फवारे उडायचे. धाकूने पायाने एक शेणाचा पो उलटला. तीन महिने जुना, पापडासारखा कडक, आत ना किडा ना भुंगा.

"ह्यो गेल्या दिवाळीचा. शेन कुजत नाय बाय. कुजवनारा ऱ्हायला नाय."

"पण बाबा, हे गवत खाणाऱ्यालाच मारतं. माशी कुठे गवत खाते?"

"खात नाय. पिते."

त्याने वाकून एक पातं धरलं. टोकाशी पाण्याचा थेंब होता. दव नव्हे, रात्री मुळं जास्तीचं पाणी वर ढकलतात, ते पहाटे पात्याच्या टोकाला येतं. सड्यावर पौषानंतर पाण्याचे खळगे आटतात, मग उडणारं सगळं हाच थेंब पितं. पात्याच्या बुडाशी दोन बारीक माश्या आणि एक मधमाशी, वाळलेल्या.

चाचण्यांचे अहवाल तिला पाठ होते. नाकतोड्यावर चाचणी, अळीवर चाचणी, मुंगीवर चाचणी. कुरतडणाऱ्या सगळ्यांवर. थेंब पिणाऱ्यावर एकही नाही, कारण तशी चाचणी जिथे काही जगतं त्या जमिनीसाठी सक्तीची होती. रिक्त जमिनीसाठी नव्हती.

"सड्यावर कायच नाय, असं कोनी लिवलान गो?" धाकू शांतपणे म्हणाला. "कोनीतरी लिवला असंल ना? त्याला एकदा माझ्यासमोर आन. मारनार नाय मी. फकस्त इचारीन, बाबा रे, तू कुठल्या गावचा?"



*

सोमवारी फाटकाशी बशीर फणसोपकर भेटला. पक्षी हाकलणाऱ्या पथकाचा मुकादम, तीस वर्षं हातात फटाक्याची बंदूक.

"काय चाललंय बशीरचाचा?"

"माश्या मारतोय म्हटलं असतं मॅडम, पण त्याही नाहीत." तो हसला आणि लगेच थांबला. "सकाळी एक बार उडवतो, हजेरीपुरता. कुंपणापलीकडेसुद्धा पाकोळी दिसत नाही आता. मी त्यांना धावपट्टीवरून हाकलत होतो हो. जगातून नाही."

तिने टेबलाशी बसून नियोजक उघडला. शब्दकोशात 'रिक्त' खोडून लिहिलं : 'चराई, पाणथळ, कीटकांचं प्रजननस्थान, वहिवाट, स्मशान.' आणि पहिल्या टप्प्याचा आराखडा पुन्हा चालवला.

यंत्राला चार मिनिटं लागली. अकरा गावांचे सडे आणि त्यांच्याभोवतीच्या सगळ्या बागा लाल झाल्या. खाली ओळी आल्या. परागण करणाऱ्या कीटकांचा नाश. फळधारणा जवळजवळ शून्य. गवत आज काढायला घेतलं तरी मुळं आणि बी संपायला चौदा वर्षं. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात : मूळ शब्दकोश, सुगंधा धाकू गोताड.

"हे कुणी चालवायला सांगितलं?" मागे लोहोकरे उभे होते.

"सर, माश्या..."

"माश्या कमी झाल्या हे आपण अहवालात फायदा म्हणून घेतलंय. पान बेचाळीस. आरोग्य." त्यांनी खुर्ची ओढली. हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. "ऐक. विमानं उडणारच आहेत. लोकांना दिल्ली दोन तासांत हवी, दुबई तीन तासांत हवी. तुझ्या गावातली पोरंही त्याच विमानाने आखातात जातात. गवत नसतं तर तो सगळा धूर तुझ्या-माझ्या डोक्यावर असता. काय बंद करू? तू सांग."

"शब्द चुकलाय सर."

"शब्द कुणाचा आहे?"

तिची नजर पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर गेली.

"शुक्रवारी जनसुनावणी. दुसरा टप्पा, पंचवीस किलोमीटर. स्थानिक पडताळणीवर सही तुझी लागते, कारण शब्दकोश तुझा. पट्ट्यातली जमीन रिक्त आहे, एवढं वाच आणि सही कर. हे लाल चित्र मी पाहिलंच नाही." उठताना ते थांबले, आवाज उतरला. "मी तुला वाचवतोय, सुगंधा. हे बाहेर गेलं तर गाव मला विचारणार नाही. मी कुठला कोण. ते तुझ्या दारात येतील. तुझ्या वडिलांच्या दारात."

ते खरंच बोलत होते, म्हणून तर ते तिला जास्त लागलं.

*

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर सुनावणीच्या अधिकारी बाई, शेजारी लोहोकरे, मागे पडदा, पडद्यावर हिरवा नकाशा. पंचवीस किलोमीटरांतली गावं आली होती. धाकू तिसऱ्या रांगेत, इस्त्रीची टोपी घालून. पोरगी भाषण करणार म्हणून.

सुगंधाने कागद उघडला. "हरित पट्ट्याच्या दुसऱ्या टप्प्यातील जमीन अभिलेखानुसार रिक्त असून..."

ती थांबली. बाप टोपी सावरून पुढे सरकून ऐकत होता.

"ही जमीन रिक्त नाही," ती म्हणाली. "तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलंय. यंत्राला मराठी कळत नव्हतं. पोटखराब म्हणजे रिकामं, असं त्याला कुणीतरी शिकवलं. म्हणून त्याने सड्यावर काय जगतं हे मोजलंच नाही. माश्या त्या गवताचं पाणी पिऊन मेल्या. म्हणून तुमच्या कलमांना कणी नाही. गवत आज काढायला घेतलं तरी चौदा वर्षं जातील, असं यंत्रच म्हणतंय."

मांडवात गलका उठला. मागून कुणीतरी ओरडलं, "पोट खराब झालाय तुमचा, आमचा सडा नाय!" त्यावर हशा पिकला. लोहोकरे खाली बघत होते.

"कोण तो शिकवणारा?" अधिकारी बाईंनी विचारलं.

अजूनही ती म्हणू शकत होती, कक्ष. म्हणू शकत होती, आम्ही. त्या एका 'आम्ही'च्या आड या देशात किती माणसं सुखाने म्हातारी झाली आहेत!

"मी," सुगंधा म्हणाली. "धाकू गोताडांच्या मुलीने. मला माहीत होतं काय अर्थ आहे ते. साहेब शब्दाला हसले, म्हणून मला लाज वाटली."

हशा जागीच मेला. मग पुढच्या रांगेतली एक बाई उठली, सुगंधाच्या आईबरोबर भातलावणी केलेली. ती ओरडली नाही. "तुझ्या आयशीला कुठं जाळली गो आमी? सड्यावरच ना? ती पन रिकामी?"

धाकू उठला. टोपी काढून हातात घेतली आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर निघून गेला.

अधिकारी बाईंनी घसा साफ केला. "मग पोटखराबच्या पुढे लिहायचं तरी काय?"

"ते मला एकटीला विचारू नका," सुगंधा म्हणाली. "एकदा विचारलंत."

मग मागून एक आवाज, "लिवा, गुरांचा पानी." दुसरा, "लिवा, मसनवट." "लिवा, शाळेची वाट." "लिवा, तेरड्याची फुला." बाई लिहीत होत्या, आणि लोक थांबत नव्हते.

दुसरा टप्पा स्थगित झाला, फेरतपासणीपर्यंत. पहिला टप्पा आहे तिथेच आहे. स्थगितीचा कागद मुळांना वाचता येत नाही.

*

शनिवारी सुगंधाने ओळखपत्र बशीरच्या हाती दिलं आणि चालत घरी आली. घराला कडी होती. ती बागेत गेली.

धाकू रायवळाखाली बसून काहीतरी बांधत होता. बांबूच्या काटकीला गाईच्या शेपटीच्या केसांचा झुपका, सुतळीने आवळून. कुंचल्यासारखं. शेजारी तशीच आणखी तीन.

"बाबा." त्याने सुतळीला गाठ मारली. "बाबा, शिव्या तरी द्या."

"शिव्यांनी कनी धरत नाय."

त्याने कुंचला तिच्या हातात दिला आणि उठून रायवळाचा तुरा खाली ओढला. "आधी हितं फिरव. मग कलमावर. हापूसला सोताचा पराग चालत नाय, परक्याचा लागतो." मग पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाला, "माशी खाल्लीस ना सगळी? आता माशीचं काम कर."

ती शिडी चढली. एका तुऱ्यात हजारभर फुलं, त्यांतली बहुतेक नर, फळणारी मूठभरसुद्धा नाहीत. कुठली ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवरून हात फिरवायचा. माशीला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलंही नव्हतं. दुपारपर्यंत सुगंधाचे सव्वीस तुरे झाले. एका फांदीची निम्मी बाजू. मान आखडली, बोटांना चीक लागून कातडी सोलली. खाली बत्तीस कलमं उभी होती आणि पलीकडे शेजाऱ्यांची, त्यापलीकडे आणखी दहा गावांची.

"चौदा सालां म्हटलान काय गो तुझ्या यंत्राने?" खालून धाकूने विचारलं.

"हो."

"मी काय तवर नाय."

ती कुंचला फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने खालून पुन्हा आवाज आला, या वेळी जरा वेगळा. चेष्टेचा की दुसरा कसला, पानांआडून कळेना.

"गो माशी. तू कुठल्या गावची?"

"इथली," ती म्हणाली.

पण त्याच वेळी सड्यावरून विमान उठलं, पोटावर हिरवं पान रंगवलेलं, आणि बागेवरून इतक्या खालून गेलं की मोहोर झडला. धाकू कानामागे हात धरून वर बघत होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं. तो परत तेच विचारत होता.